मेल अडकली, गाडी निघाली

आमच्या ऑफिसात सकाळी टेबल पुसलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. उरणात, कंटेनरच्या रस्त्याला लागून ऑफिस म्हटल्यावर ते आलंच. किस्स्यांचंही तसंच आहे. कोणी मुद्दाम आणत नाही, कोणी साठवत नाही, पण माणूस एका जागी बसून राहिला की आपोआप जमतात. मी तर फारशी बोलतही नाही, त्यामुळे माझ्या टेबलावर जरा जास्तच जमतात!

लग्न होऊन बोर्ली पंचतनहून इथे आले आणि अंगाची हळद जेमतेम उतरली असेल, तोवर या ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात नोकरी लागली. काम साधं. पार्टीची, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीची, मेल आली की कोणती गाडी येतेय आणि ड्रायव्हर कोण, ते उलट मेलनं कळवायचं. म्हणजे साधं आहे असं मुलाखतीत सांगितलं होतं. मेलचा प्रोग्राम दिवसातला बराच वेळ बंद पडलेला असतो, हे मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

* * *

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मी पहिली मेल लिहिली, पाठवायला क्लिक केलं आणि अख्खा स्क्रीन पांढराफटक पडला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून आलं, 'नॉट रिस्पॉन्डिंग'.

नवं सासर, नवी नोकरी आणि मी आल्या आल्या मशीन मोडून ठेवलं! मी घाईघाईनं पुन्हा माउस धरला, तर शेजारच्या टेबलावरून सुलभाताईंनी माझं मनगट पकडलं. सुलभाताई आमच्या हिशेबाच्या बाई, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही.

"हात काढ," त्या म्हणाल्या. "आता चहा."

"चहा?"

"ते बंद पडलं की चहा घ्यायचा. आपण ढवळत बसलो तर आणखी रुसतं."

तेवढ्यात केबिनमधून मालकांनी, म्हणजे शेठनी, मान बाहेर काढली. आमच्या माहेरी 'पडलं' म्हणतात, ते इथे 'परला' होतं. माझा कान तेव्हा तयार व्हायचा होता.

"काय झाला गो पोरी? बंद परला?"

"हो शेठ. नॉट रिस्पॉन्डिंग म्हणतंय."

"मंग? आपला ड्रायव्हर पन असाच करतो. फोन उचलत नाय, पन गाडी चालवत असतो. दम धर!"

चहा संपला आणि प्रोग्राम सुरू झाला. मेल गेलेली होती. त्या दिवसापासून मी 'नॉट रिस्पॉन्डिंग'ला घाबरायचं सोडून दिलं. ड्रायव्हरांना मात्र घाबरायला लागले.

* * *

तुम्ही विचाराल, एवढं होतं तर मेल मोबाइलवरून का नाही पाठवायची? मीही विचारलं होतं.

"पासवर्ड?" सुलभाताई म्हणाल्या.

"हो, तो द्या ना."

"तो कोणालाच माहीत नाही."

शेठच्या पुतण्यानं हे सगळं बसवून दिलं होतं. पुतण्या आता जहाजावर असतो. त्याला एकदा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "काका, मी कुठला पासवर्ड लक्षात ठेवू? प्रोग्रामला सांगून ठेवलाय की!"

म्हणजे आमच्या ऑफिसचा पासवर्ड अख्ख्या जगात एकालाच ठाऊक, आणि तो एकटा नेमका वेळेला बोलत नाही!

मी शेठना सुचवलं, की आपण नवीन मेल आयडी काढू. शेठ समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोरी, हाच पत्ता सगल्या पार्ट्यांकरं हाय. घर गलतंय म्हनून कोन गाव सोरतं काय?"

* * *

पण हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं ते मेनन साहेबांचा फोन येईपर्यंत.

मेनन साहेब म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीचे मॅनेजर. पनवेलच्या अलीकडे त्यांचं गोडाऊन आहे. परदेशातून येणारी मशिनरी बंदरावरून तिथे न्यायची, हे आमचं काम. आमच्या निम्म्या गाड्या या एका पार्टीवर चालतात. साहेबांचं टेबल खिडकीत, खिडकीखाली गोडाऊनचं गेट. बरीच वर्षं इकडे असल्यामुळे मराठी छान बोलतात, फक्त रागात जास्त छान बोलतात.

"मॅडम, मला एक गोष्ट सांगा. तुमची कन्फर्मेशनची मेल कशासाठी असते?"

"गाडी येतेय हे कळवायला, सर."

"मग ती गाडी आल्यावर का येते?"

खरंच होतं. त्यांची ऑर्डर आली की मी उत्तर लिहायची, प्रोग्राम बसायचा, आणि शेठ काही मेलसाठी थांबणारे नव्हेत. ते फोनवरून गाडी सोडून मोकळे! गाडी गेटवर जाऊन उभी राहायची, ड्रायव्हर उतरून तंबाखू मळायचा, आणि मग माझी मेल साहेबांना सांगायची की गाडी निघत आहे.

"ऑडिटवाल्यांना मी काय दाखवू?" साहेब म्हणाले. "हा महिना बघतो. मेल आधी, गाडी नंतर. नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरा ट्रान्स्पोर्टर."

मी हे केबिनमध्ये जाऊन सांगितलं. शेठनी समोरचा चहा घेतला नाही. तो तसाच निवला. सुलभाताई मला बाहेर हळूच म्हणाल्या, "ही पार्टी गेली तर गाड्या उभ्या राहतील गं. आणि ऑफिसात दोघी कशाला लागतील मग?"

दोघींपैकी नवी कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

* * *

समीरला बोलावलं. बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. तो मोटरसायकलवरून येतो आणि हेल्मेट काढायच्या आधी एकच प्रश्न विचारतो.

"मॅडम, रिस्टार्ट मारून बघितला?"

"बघितला."

"परत मारून बघितला?"

त्यानं सीपीयू उघडला. आतून एवढी धूळ निघाली की सुलभाताईंनी जेवणाचा डबा झाकला. फुंकून, पुसून झालं, मशीन सुरू केलं. प्रोग्राम उघडला, आणि बसला.

"चला, सेफ मोडमध्ये टाकून बघतो," समीर म्हणाला. "त्याच्यात फालतू जोडलेलं सगळं बंद होतं. साधा प्रोग्राम चालतो."

शेठ मागे येऊन उभे होते. "शेफ मोड म्हंजे?"

"सेफ, शेठ. सुरक्षित."

"म्हंजे आतापरत आपन असुरक्षित चालवत होतो?"

समीरनं मग अँटिव्हायरस बघितला. त्याची मुदत कधीच संपलेली. तो काम काहीच करत नव्हता, पण येणारी प्रत्येक मेल अडवून बघत मात्र होता.

"हा काढून टाकू का, शेठ?"

शेठ जरा विचार करून म्हणाले, "काम करत नाय, पन सगल्यांना अरवतो. आपल्या नाक्यावरचा हवालदार हाय काय रं ह्यो?"

* * *

अँटिव्हायरस गेला, तरी बसणं काही थांबेना. मग समीरनं मेलची फाइल केवढी झाली आहे ते बघितलं आणि शीळ घातली.

"मॅडम, ही फाइल आहे का गोडाऊन? एवढी मोठी झाली तर उघडताना दम लागणारच ना तिला!"

त्यानं वरवर चाळायला घेतलं. एक मेल पाच वेळा दिसली. दुसरी त्याहून जास्त वेळा. सगळ्या शेठच्या आयडीवरून शेठच्याच आयडीवर गेलेल्या.

"शेठ, ह्या तुम्ही स्वतःलाच पाठवल्यात?"

"व्हय."

"कशाला?"

शेठना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अरे, महत्त्वाची मेल रोज खाली खाली जाते. मंग मी ती आपल्यालाच परत पाठवतो. वर येते!"

"शेठ, तिला नुसतं फ्लॅग लावता येतो. ती वरच दिसते."

"फ्लॅग काय बोलत नाय. मेल आली तर घंटी वाजते. घंटी वाजली की माझ्या ध्यानात येतं."

समीरनं माउस सोडला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. त्यालाही सुलभाताईंनी चहा दिला.

* * *

त्याच दिवशी आउटबॉक्सचा पत्ता लागला. पाठवलेल्या पण न गेलेल्या मेल जिथे पडून राहतात, तो कप्पा. आम्ही कोणीच तिथे कधी डोकावलो नव्हतो.

शेठना सणासुदीला सगळ्या पार्ट्यांना शुभेच्छा पाठवायची सवय आहे. साध्यासुध्या नाहीत. पुतण्यानं भल्यामोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला ट्रेलरचा फोटो, त्याला झेंडूच्या माळा, वर देवी, खाली शेठ. तो फोटो इतका वजनदार होता की मेल जाता जात नव्हती. प्रोग्राम बिचारा दर वेळी तिला उचलायला वाकायचा आणि तिथेच धरून बसायचा.

"काढतो ही," समीर म्हणाला, आणि फोटो बारीक करायच्या नादात भलतंच बटण दाबलं गेलं.

शिमगा तोंडावर आला होता. आणि आमच्या समस्त पार्ट्यांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा गेल्या!

उत्तरं यायला लागली. बरीच जणं 'सेम टू यू सर' म्हणून मोकळी झाली. एका चेन्नईच्या पार्टीनं तेवढं विचारलं, की सर, कुठली दिवाळी?

मी शेठना विचारलं, काय लिहू?

"लिव, येनारी. आमच्याकरं गाडी पन टायमाच्या आधी पोचते."

* * *

घरी मी यातलं फारसं सांगत नसे. पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. एका संध्याकाळी कोलंबी सोलताना त्यांनी विचारलं, "दिसभर ऑफिसात काय करतेस गो?"

मी खरं ते सांगितलं. "मशीन बंद पडतं, आई. ते सुरू होईपर्यंत बसून राहते."

"आनि त्याचा पगार देतात?"

"हो."

त्यांनी कोलंबी सोलायची थांबवली. आत टीव्हीसमोर मामंजी तासाभरापासून हलले नव्हते, त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग माझा पगार कवरा झाला असंल!"

माझा नवरा मात्र वेगळ्याच कारणानं काळजीत होता. मी बोलत नाही म्हणून. एकदा जेवताना तो दोन-तीन गोष्टी बोलला, मी नुसतीच ऐकत होते. तर म्हणतो, "काय गं, तू पण बंद पडलीस का?"

मी म्हटलं, "नाही. मागे काम चालू आहे."

* * *

समीरचा शेवटचा उपाय म्हणजे जुन्या मेल हटवायच्या. त्यासाठी आधी 'डिलीटेड'चा कप्पा रिकामा करू म्हणाला. कचराच तो, त्यात विचारायचं काय! त्याचं बोट बटणावर गेलं आणि सुलभाताई, ज्यांचा आवाज कधी चढत नाही असं मी वर लिहिलंय, त्या किंचाळल्या.

"खबरदार! ते माझं कपाट आहे!"

समीरनं बोट मागे घेतलं.

"काम झालं की मी मेल तिथेच ठेवते," त्या म्हणाल्या. "बिलं, पावत्या, सगळ्या पार्ट्यांचं लावून ठेवलंय मी त्यात."

"ताई, ते डिलीटेड आहे. डिलीटेड!"

"मग? काम संपलेलंच आहे ना ते?"

समीरनं उघडून बघितलं. खरोखरच आत पार्टीवार, सालवार कप्पे होते. आमच्या अख्ख्या ऑफिसात नीट लावलेली अशी ती एकच जागा होती. समीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, मी पंधरा मिनिटं बाहेर हवा खाऊन येतो. या कपाटाला मी हात नाही लावत."

* * *

पण महिना संपत आला होता. मधल्या काळात आणखी दोन वेळा गाडी आधी आणि मेल मागून गेली होती, आणि मेनन साहेबांनी फोन करणंही बंद केलं होतं. तेच जास्त वाईट. ओरडणारी पार्टी आपली असते. गप्प झालेली पार्टी दुसरीकडे भाव विचारत असते, असं शेठ म्हणाले. त्या दिवसांत ते गाड्यांच्या नंबरांकडे, घरातल्या माणसांकडे बघावं तसे बघायचे.

शेवटी समीर रविवारी आला. मोटरसायकलवर मोठी हार्ड डिस्क बांधून. यावेळी काहीच हटवायचं नाही असं ठरलं. जुनं सगळं, शेठच्या स्वतःला पाठवलेल्या मेल, सुलभाताईंचं कपाट, सगळं उचलून वेगवेगळ्या फाइलींत बाजूला ठेवायचं. रोजच्या फाइलीत फक्त चालू कामाचं. मग ती फाइल दाबून लहान करायची. पासवर्डला धक्काही न लावता! सकाळी सुरू केलेलं काम संध्याकाळी दिवाबत्तीला संपलं. मधे स्क्रीनवर निळी पट्टी इंचाइंचानं सरकत होती आणि शेठ खुर्ची टाकून तिच्यासमोर बसले होते, मुलीच्या ऑपरेशनला बाहेर बाप बसावा तसे.

झाल्यावर शेठ नारळ घेऊन आले.

"शेठ, बाहेर फोडा," समीर सीपीयूवर आडवा पडत म्हणाला. "पाणी जाईल आत!"

* * *

सोमवारी सकाळी मेनन साहेबांची ऑर्डर आली.

मी उत्तर लिहिलं. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. सुलभाताई माझ्या खुर्चीमागे, शेठ केबिनच्या दारात. मी क्लिक केलं. स्क्रीन पांढरा झाला नाही. वर काही लिहून आलं नाही. मेल गेली. कोणी चहाचं नावसुद्धा काढायच्या आत गेली!

"गेली?" शेठ.

"गेली, शेठ."

"खरी गेली?"

मी त्यांना पाठवलेल्या मेलमध्ये दाखवली. शेठनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, बराच वेळ. मग फोन करून गाडी भरायला लावली. यार्डात गर्दी होती, पण आज घाई कुणाला होती? मेल आधी, गाडी नंतर. साहेबांनी सांगितलं होतं अगदी तसं.

थोड्या वेळानं फोन वाजला. मेनन साहेब. शेठनी खूण केली, स्पीकरवर घे. मी घेतला.

"मॅडम, तुमची मेल मिळाली."

"हो सर. वेळेत आहे ना?"

"ते ठीक. पण गाडी कुठे आहे?"

"यार्डात भरतेय, सर. तासाभरात निघेल."

"यार्डात?" साहेब गडबडले. "पण मेल तर आली! मॅडम, इथे क्रेनवाला क्रेन चालू करून बसलाय. माणसं उभी आहेत. वॉचमननं गेट उघडून धरलंय. तुमची मेल आली की गाडी खाली उभी असते! इथे सगळ्यांना माहीत आहे. तुमची मेल आली की मी खिडकीतून न बघता हाक मारतो, उतरवून घ्या म्हणून!"

मी शेठकडे बघितलं. शेठ सुलभाताईंकडे. सुलभाताई छताकडे.

"सर," मी म्हटलं, "पण ऑडिट? तुम्हीच म्हणालात, नाहीतर दुसरा ट्रान्स्पोर्टर..."

"अहो, काम तुमचंच आहे. काम कुठे जातंय?" साहेबांचा आवाज एकदम खाली आला. मागे कोणीतरी क्रेनवरून काहीतरी ओरडत होतं. "ऑडिटचं मी बघतो. इतक्या दिवसांची बसलेली घडी आहे हो इथे. दुसऱ्या ट्रान्स्पोर्टरची गाडी कधी येते ते कळतच नाही. तुमचं कसं, मेल आली म्हणजे आली! जरा... आधीसारखं नाही का करता येणार?"

"करते, सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेरून एक ट्रेलर गेला, टेबलं हादरली. मग शेठ पुढे आले, माझ्या टेबलावरचा फोन स्वतः उचलला आणि समीरचा नंबर लावला.

"समीर, शेठ बोलतोय. मशीन एकदम झकास चाललाय. आता ये आनि त्यो बंद कसा पारायचा, ते या पोरीला शिकव!"